नवा कॉम्प्युटर आला, जुन्या स्पीकरचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्यांच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी नवा लॅपटॉप किंवा टिफिनच्या डब्याएवढा मिनी पीसी घेतला. जुना सीपीयू गेला, स्पीकर मात्र टेबलावर तसेच राहिले. कुणाकडे हिरव्या पिनेचे दोन काळे डबे आहेत, कुणाकडे सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलसारखे दिवे लागणारं होम थिएटर, तर कुणाकडे वडिलांच्या डेकचे लाकडी बॉक्स.

अडचण इथून सुरू होते. नव्या मशीनला पिनेचं भोकच नसतं. भोक असलं आणि पिन बसली तरी आवाज येत नाही. आवाज आला तर मागे एकसारखी घूंऽऽ चालू असते. मग कुणीतरी सांगतं, 'हे भंगारात द्या, ब्लूटूथवाला घ्या.' हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. कागदी कोन, तांब्याची गुंडाळी आणि मागे चुंबक ही स्पीकरची रचना आजही तीच आहे. बदललं आहे ते कॉम्प्युटरचं तोंड. त्यामुळे पूर्ण सेट बदलायची गरज नाही, साखळीतली कुठली कडी तुटली ते ओळखून तेवढी जोडायची.

आवाज बाहेर येतो म्हणजे काय होतं?

तीन कामं होतात.

गाणं कॉम्प्युटरमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाचं गाणं असेल तर एका बाजूच्या आवाजासाठी सेकंदाला ४४,१०० आकडे. या आकड्यांवरून खाली-वर होणारा विजेचा प्रवाह तयार करावा लागतो. हे काम करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. सोलापुरी चादर डोळ्यांसमोर आणा. जकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात आणि कुठला धागा उचलायचा ते त्या भोकांवरून ठरतं. कार्डावर मोर दिसत नाही, मोर उमटतो चादरीवर. कार्डाचं कापड करणारा जकार्ड, आणि आकड्यांचा प्रवाह करणारा डॅक.

पण हा प्रवाह फार अशक्त असतो. एक व्होल्टच्या आसपास दाब, आणि मागे जोर जवळजवळ नाहीच. सोलापुरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं तेव्हा खालच्या हौदात ते आपोआप पडतं, पण गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर लावावी लागते. डॅकमधून निघालेला सिग्नल म्हणजे हौदातलं पाणी. त्याला चढवणारी मोटर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर.

तिसरं काम स्पीकरचं: त्या जोरावर कोन पुढे-मागे हलवून हवा ढकलायची.

डॅक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर. तुमच्याकडे ही तिन्ही कामं कुठे होतात एवढं कळलं की बाकी सगळं सोपं आहे. नव्या लॅपटॉपमध्येही डॅक असतोच, त्याशिवाय त्याचे स्वतःचे बारके स्पीकर वाजणार नाहीत. काही मॉडेलमध्ये त्याची बाहेरची वाट तेवढी बुजवलेली असते.

आधी स्पीकरची पाठ बघा

कॉम्प्युटरकडे नंतर वळू. स्पीकर उलटा करा.

दोनपैकी एका डब्याला भिंतीत लावायची वायर किंवा अ‍ॅडॉप्टर असेल, आवाजाचं बटण असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर आत आहे. याला फक्त सिग्नल हवा. यूएसबीची वायर असलेल्या छोट्या स्पीकरांना सहसा त्याच वायरमधून वीज मिळते आणि सिग्नलसाठी वेगळी पिन असते. फक्त यूएसबीच असेल, दुसरी पिनच नसेल, तर डॅकसुद्धा त्यांच्या आत आहे. ते सरळ यूएसबीत लावा आणि कामाला लागा.

पण डब्याला विजेची वायरच नसेल, मागे फक्त लाल-काळी दाबायची क्लिप असेल किंवा दोन नुसत्या वायरी लोंबत असतील, तर आत अ‍ॅम्प्लिफायर नाही. डेकचे बॉक्स असेच असतात. या वायरींना पिन डकवून लॅपटॉपला लावायचा प्रयोग बरेच जण करतात. आवाज येतो, पण डासाच्या गुणगुणण्याएवढा आणि फाटलेला. हेडफोनचं भोक १६, ३२ किंवा त्याहून जास्त ओमच्या हेडफोनसाठी बनवलेलं असतं, आणि बॉक्स ४ किंवा ८ ओमचा. ओम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. तो कमी, म्हणजे बॉक्स प्रवाह जास्त मागणार, आणि तेवढा प्रवाह त्या भोकाकडे नाही.

स्टिकरवर '१००० वॅट पीएमपीओ' छापलेलं असेल तर तो आकडा विसरून जा. तो विक्रीसाठी छापलेला आहे. 'आरएमएस' च्या पुढे लिहिलेला आकडा खरा धरायचा. दहा बाय बाराच्या खोलीत रोजचं ऐकणं एक-दोन वॅटमध्ये आरामात होतं.

कॉम्प्युटरला भोक कुठलं?

लॅपटॉपला गोल भोक असेल तर बहुधा एकच असतं, हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी. जुन्या स्पीकरच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेवर तीन. दोन रेघांची पिन या भोकात चालते. टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा आणि उरलेला भाग अर्थचा, म्हणजे प्रवाह परत जायच्या वाटेचा. माइकचा संपर्क त्या अर्थवरच टेकतो आणि कॉम्प्युटर समजतो की माइक नाही. वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. पिन खटकन आवाज येईपर्यंत आत दाबा. अर्धवट बसली की गाण्याचं संगीत ऐकू येतं आणि गायकाचा आवाज गायब होतो. अर्थ तुटला की डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो, आणि गायक तर दोन्हीकडे सारखाच असतो.

डेस्कटॉपच्या मागे तीन भोकं असतील तर स्पीकर हिरव्यात. गुलाबी माइकचं, निळं बाहेरचा आवाज आत घ्यायचं. हे रंग १९९० च्या दशकाच्या शेवटी ठरले आणि आजही बहुतेक मदरबोर्डांवर तेच आहेत.

गोल भोक नाहीच, असं असेल तर तीन वाटा आहेत.

सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे यूएसबी साउंड कार्ड. पेन ड्राइव्हएवढी वस्तू, काही शे रुपयांत मिळते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल भोक, आणि आत स्वतःचा डॅक. विंडोज ते आपणहून ओळखतं, सीडी-ड्रायव्हर काही लागत नाही.

टाइप-सी ते हेडफोन असा छोटा कन्व्हर्टर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. तो दोन प्रकारचा मिळतो आणि बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. एकात डॅक असतो. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात. तो काही मोबाइलवर चालतो, कारण ते मोबाइल टाइप-सीमधूनच तयार सिग्नल सोडतात. लॅपटॉप सहसा तसं करत नाहीत. सोलापूरच्या नवी पेठेत खरेदी करा नाहीतर ऑनलाइन मागवा, 'डॅकवाला आहे का' हा प्रश्न विचाराच, आणि जमलं तर लॅपटॉप दुकानात नेऊन तिथेच वाजवून घ्या.

तिसरी वाट फुकटची आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडलेला असेल तर त्याच वायरीतून आवाजाचे आकडेही जातात. मॉनिटरच्या मागे हेडफोनचं चित्र असलेलं भोक आहे का बघा. असेल तर स्पीकर तिथे लावा, मॉनिटरच डॅकचं काम करतो. व्हीजीएच्या निळ्या वायरीतून आवाज जात नाही.

वायर जोडली तरी गप्प? खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक, मग 'साउंड सेटिंग्ज', आणि 'आउटपुट' मध्ये बरोबर नाव निवडा. नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज त्याच्याकडे वळवतं, त्याला स्पीकर असोत-नसोत. पिन लावल्यावर 'काय जोडलंत?' अशी खिडकी उघडली तर हेडफोन किंवा स्पीकर निवडा. हेडसेट निवडू नका.

आवाजाची पातळी लावायची रीतही महत्त्वाची. कॉम्प्युटरवर ८० ते ९० टक्के ठेवा आणि बाकी कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. उलट केलं, म्हणजे कॉम्प्युटर २० वर आणि बटण पूर्ण मोकळं, तर अशक्त सिग्नलबरोबर खरखरही मोठी होऊन येते.

होम थिएटर आणि डेक

होम थिएटर किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लाल-पांढरी गोल सॉकेट असतात, आरसीए. त्यासाठी एकीकडे हेडफोनची पिन आणि दुसरीकडे दोन आरसीए अशी वायर मागा. ती 'ऑक्स', 'लाइन इन', 'टेप इन' किंवा 'सीडी' लिहिलेल्या जागी लावायची. 'फोनो' लिहिलं असेल तिथे नको. ती तबकडीच्या प्लेअरची जागा. तिथे आत जास्तीचा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि तो खालचे सूर मुद्दाम वाढवतो, त्यामुळे आवाज घोगरा आणि फाटका येतो.

अगदी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यात पिन ३ डावी, ५ उजवी आणि मधली २ अर्थची. पिना ओळीने मोजल्या तर १-४-२-५-३ असा क्रम लागतो. तीन म्हणजे कडेची, मधली नव्हे, इथेच गल्लत होते.

५.१ चा सेट, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक वूफर, असेल तर त्याला हिरवी, काळी, नारिंगी अशा तीन पिना असतात. लॅपटॉपला भोक एक. हिरवी लावली की पुढचे दोन वाजतात आणि वूफर गप्प बसतो, कारण बऱ्याच सेटमध्ये वूफरचा आवाज नारिंगीतून येतो. लोक वूफर जळाला समजून रिपेअरवाल्याकडे नेतात. त्याला काहीही झालेलं नसतं. सहा वाटांचं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, ते घ्या आणि विंडोजमध्ये '५.१' निवडा. डेस्कटॉपला तीन भोकं असतील तर तेवढाही खर्च नको. साउंडच्या सॉफ्टवेअरमध्ये ५.१ निवडलं की बहुतेक बोर्डांवर निळं भोक मागच्या स्पीकरांचं आणि गुलाबी मधल्या स्पीकर-वूफरचं होतं.

नुसत्या बॉक्सना मोटर कशी लावायची?

डेक बंद पडलाय पण बॉक्स चांगले आहेत, अशी घरं पुष्कळ. या बॉक्सना छोटं डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर पुरतं.

आधी बॉक्स जिवंत आहे का बघा. मल्टिमीटर ओमवर ठेवून दोन टोकांना लावा. ८ ओमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओमचा साडेतीनच्या जवळपास. काहीच दाखवलं नाही तर गुंडाळी किंवा वायर तुटली आहे. मीटर नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि त्याच्या टोकांना वायरी क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज आला तर स्पीकर चालू आहे. सेलचं प्लस ज्या वायरीला लावल्यावर कोन बाहेर उडतो, ती वायर लाल धरा आणि खूण करून ठेवा. टेकवून लगेच काढायचं, धरून ठेवायचं नाही.

आता बोर्ड, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची चिप बसवलेली पट्टी. सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळतो तो पीएएम८४०३ चिपचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. ५ व्होल्टवर चालतो, ४ ओमच्या स्पीकरला प्रत्येक बाजूला ३ वॅटपर्यंत देतो, पण त्या टोकाला आवाज बराच फाटतो. टेबलाजवळ बसून ऐकायला ठीक. खोली भरायची असेल तर टीपीए३११० सारख्या चिपचा बोर्ड आणि १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर घ्या. ८ ओमच्या बॉक्सला प्रत्येक बाजूला ७-८ वॅट मिळतात. घरात हे पुरून उरतं.

हे बोर्ड जळण्याचं एक नेहमीचं कारण आहे, तिथे जरा थांबू. जुन्या डेकमध्ये दोन्ही बॉक्सच्या काळ्या वायरी आत एकाच अर्थला जोडलेल्या असायच्या. त्या सवयीने लोक इथेही दोन्ही काळ्या एकत्र पिळतात. या चिपमध्ये मात्र काळी वायर अर्थ नसते, ती लाल वायरीच्या उलट दिशेने स्वतः काम करत असते. डाव्याची काळी आणि उजव्याची काळी एकत्र आली की शॉर्ट. बोर्डावर चार टोकं आहेत, तर चार वायरी शेवटपर्यंत वेगळ्या. सुट्ट्या तारांचा एखादा केस शेजारच्या टोकाला टेकत नाही ना, भिंग घेऊन बघा.

वायर पाऊण स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या, खोलीतल्या अंतराला ती पुरते. लाल-काळी दोन्ही बॉक्सना सारखी लावा. एका बॉक्सची उलटी झाली तर काही जळत नाही, पण एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि ढोलाचा ठेका विरून जातो. ठेका हलका वाटला तर एकाच बॉक्सच्या वायरी उलट करून ऐका, दणका वाढला तर तीच बाजू बरोबर.

घूंऽऽ कुठून येते?

आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. तीच घरघर सिग्नलच्या वायरीत शिरली की घूं ऐकू येते. ती कुठून शिरते हे शोधायला दोन मिनिटं लागतात.

सिग्नलची पिन कॉम्प्युटरमधून काढा, स्पीकर चालू ठेवा. पिन मोकळी लटकत असताना थोडी गुणगुण चालते. पण वायर स्पीकरच्या बाजूनेही काढली आणि आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी घूं तेवढीच असेल, तर दोष स्पीकरच्या आत आहे. वीज गाळणारा मोठा कपॅसिटर बहुधा सुकलेला असतो.

पिन काढल्यावर घूं थांबली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आता शांत? मग अर्थचा वेढा झाला आहे. चार्जरला तीन पिना, अ‍ॅम्प्लिफायरलाही तीन पिना, दोन्ही वेगवेगळ्या सॉकेटमध्ये. अर्थच्या दोन वाटा तयार होतात, त्यांत किंचित फरक असतो, आणि तो फरक सिग्नलच्या वायरीतून वाहतो. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घराला लागून यंत्रमाग आहेत, त्यांनी हे आवर्जून तपासावं. अर्थिंग कच्चं असेल आणि त्याच अर्थवर मोटरी असतील, तर हा फरक वाढतो आणि माग सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये टक्-टक् येते.

उपाय सोपा आहे. कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर सिग्नलच्या वायरीत 'ग्राउंड लूप आयसोलेटर' लावा. त्यात दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो आणि अर्थची जोडणी तुटते.

चार्जरची तिसरी पिन कापायचा उपाय कुणी सुचवला तर कृपा करून ऐकू नका. घूं जाईल, पण ती पिन शॉक लागू नये म्हणून आहे. उघड्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, गाणं नंतर.

पीएएम८४०३ चा बोर्ड कॉम्प्युटरच्याच यूएसबीवर चालवला तर चिर्रऽऽ असा बारीक आवाज येतो, माउस हलवला की बदलतो. वीज आणि सिग्नल एकाच अर्थमधून येतात म्हणून. त्या बोर्डाला मोबाइलचा जुना चार्जर वेगळा द्या.

'यापेक्षा ब्लूटूथ बरं नाही का?'

गाणी ऐकायला चालेल. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या 'ऑक्स' ला ब्लूटूथ रिसीव्हर लावता येतो, वायरीची कटकट नाही. पण आवाज साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. व्हिडिओ प्लेअर पुष्कळदा ते सांभाळून घेतात. गेम खेळताना, कीबोर्डवर रियाज करताना किंवा ऑनलाइन बोलताना हा उशीर जाणवतोच. टेबलावर दोन हातांवर स्पीकर असेल तर वायरच लावा.

'जुन्या स्पीकरमुळे नवा कॉम्प्युटर जळेल का?'

अ‍ॅम्प्लिफायर आत असलेल्या स्पीकरमुळे, किंवा 'ऑक्स' ला जोडल्याने, नाही. तिथे साधारण दहा हजार ओम किंवा त्याहून जास्त अडथळा असतो, म्हणजे एक व्होल्टला एक दशांश मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जात नाही. कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही लागत नाही. धोका एकाच चुकीत आहे: अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरकडे जाणारी वायर कॉम्प्युटरच्या भोकात लावणं. त्या वायरीत कित्येक व्होल्ट असतात. जोडताना सगळं बंद ठेवा, आवाज शून्यावर, आणि अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू करा.

'पण इतकी जुनी वस्तू टिकेल का?'

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर प्रत्येक स्पीकरचं वेगळं.

बटण फिरवताना खर्र-खर्र होत असेल तर ती धूळ आहे. वीज काढून बटणाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दहा मिनिटं वाळू द्या.

कपॅसिटरला सोलापूरचा उन्हाळा बाधतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, त्यात सेट बंद कपाटात कोंबलेला, म्हणजे तो लवकर सुकणारच. माथा फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसली तर बदलायचा. सुटा भाग स्वस्त असतो, पण भिंतीच्या विजेवर चालणारा सेट बंद केल्यावरही आत चार्ज राहतो. हे काम रिपेअरवाल्याकडेच द्या.

उरली कोनाची कड. जाळी काढून कोनाभोवतीचं कडं बोटाच्या पेराने हलकेच दाबा. रबराचं किंवा कापडाचं असेल तर ते परत उसळतं, अशा बॉक्सची काळजी नको. फोमचं असेल आणि बोटाला काळी चिकट पूड लागली, तर ते कडं गेलं, मग कोन एका बाजूला घासतो आणि ठेक्यावर फर्र-फर्र करतो. अशा वेळी स्पीकर फेकायचा नाही. त्याच इंचाचं नवं कडं विकत मिळतं. जुनं खरवडून काढायचं, नवं फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने कोनाला चिकटवायचं, मग फ्रेमला. गोंद ओला असतानाच दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ आत-बाहेर करून बघा, कुठे घासल्याचा आवाज आला तर त्या बाजूला केसभर सरकवा. मग बॉक्स उताणा ठेवून रात्रभर हात लावू नका.